यंदा येळवस नाही

नवं कॅलेंडर घरात आलं की लोक आपला वाढदिवस कोणत्या वारी येतो ते बघतात. मी येळवस बघते. जानेवारीचं पान बघितलं, नव्हती. डिसेंबर बघितला, तिथंही नव्हती. चष्मा पदराला पुसून पुन्हा बघितलं. मग कॅलेंडर पिशवीत घातलं आणि रिक्षा करून गंजगोलाईत गेले. गोलाईला सोळा रस्ते फुटतात आणि लातुरात पन्नास वर्षं काढूनही मी दर वेळी चुकीच्याच रस्त्यात शिरते. त्या दिवशी मात्र रागाच्या भरात पाय बरोबर पडले.

"हे बदलून द्या. ह्यात येळवस छापायची राहिलीय."

"आज्जी, आम्ही नुसतं विकलालाव. छापलालाव होय?"

"मग एखादं पान कमी असेल."

दुकानदारानं बोटाला थुंकी लावून पानं मोजली. बारा भरली. "तेरावं पाहिजे का?" म्हणाला.

मी तणतणत घरी आले आणि पंचांग काढलं, तर त्याच्या तोंडून खरंच निघालं होतं. यंदा महिने तेरा आहेत. मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ घुसलाय आणि त्यानं पुढच्या सगळ्या तिथी ढकलत ढकलत माझी येळवस २०२७ च्या जानेवारीत नेऊन टाकलीय. म्हणजे २०२६ सालात येळवस नाहीच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं की, एक वर्ष विश्रांती." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आमच्याकडचे नसाल तर थोडं सांगावं लागेल. मार्गशीर्षातली अमावस्या ती वेळ अमावस्या, हे कागदावर. तोंडात येळवस. लातूर, धाराशिव, आणि नांदेडचे कर्नाटकाकडं झुकलेले काही तालुके, हाच मुख्यतः आपल्याकडचा तिचा मुलूख. त्या दिवशी अख्खं लातूर घराला कुलूप लावून रानात जातं. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. नाही केली तरी फरक पडणार नाही, कारण सुट्टी नाही हे सांगायलासुद्धा कचेरीत कोणी सापडायचं नाही. रानात कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, रानभर आंबील शिंपडायची आणि मग भज्जी, उंडे, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर असं खाऊन जिथं जागा मिळेल तिथं आडवं व्हायचं. ज्याला शेत नाही तोही उपाशी राहत नाही, रस्त्यानं चाललेल्या माणसाला बांधाबांधावरून हाका येतात.

आणि भज्जी म्हणजे भजी नव्हे. ओल्या तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे, शेंगदाणे, पातीचा कांदा, मिळेल ती पालेभाजी, वरून बेसन आणि चिंच, असा तो हंडाभर ऐवज असतो. आमच्या सूनबाई कोल्हापूरच्या. लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला पहाटे चारला उठून त्यांनी चुलीवर तेलाची कढई चढवली होती. "आई, पीठ किती माणसांचं भिजवू?" मी तेव्हा खूप हसले. पुढची पंचवीस वर्षं त्या माझ्यावर हसताहेत, तेव्हा हिशेब मिटला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. दर वर्षी मुलांना 'माझे ध्येय' हा निबंध घालायची आणि दर वर्षी सगळा वर्ग डॉक्टर व्हायचा. स्वतःचं ध्येय लिहायला मला बहात्तरावं वर्ष उजाडावं लागलं. ते असं, की एका येळवशीला माझी सगळी माणसं एका कोपीत, एका वेळी, जेवायला बसलेली बघायची. काशी नको, रामेश्वर नको. गुडघेसुद्धा आहेत तेच असू द्या.

ऐकायला सोपं वाटतं. पण थोरला पुण्यात, त्याची लेक बेंगळुरात, धाकटा न्यू जर्सीत, लेक दिली नांदेडला, आणि तिचा मुलगा डॉक्टर होण्यासाठी लातुरात माझ्या घरी. नांदेडमध्ये क्लास नाहीत का? आहेत, ढिगानं आहेत. पण लातूर पॅटर्नला लातूरचंच पाणी लागतं असं जावयांचं म्हणणं. एरवी आमच्या पाण्याबद्दल ते काय बोलतात ते पुढं येईलच.

ह्या सगळ्यांच्या आड येतं ते कॅलेंडर. २०२२ सालात येळवस दोनदा आली. दोन जानेवारीला एकदा, तेवीस डिसेंबरला पुन्हा. थोरल्यानं डिसेंबरात रजा मागितली तर मॅनेजर म्हणाला, "हा सण तू जानेवारीतच केलास ना?"

"सर, यंदा दोनदा आलाय."

मॅनेजर दिल्लीचा. दिवाळी दोनदा येत नाही एवढं त्याला ठाऊक. त्यानं रजा दिली, पण तोंडावर संशय. २०२३ चा डिसेंबर आला तेव्हा त्यानं आपण होऊन विचारलं, "यंदा कधी आहे तुझा तो शेतातला सण?"

"यंदा नाहीये सर."

"नाहीये म्हणजे?"

"पुढच्या वर्षी दोनदा आहे."

आणि खरंच, २०२४ ला अकरा जानेवारी आणि तीस डिसेंबर अशा दोन आल्या. तेव्हापासून त्या माणसाची पक्की समजूत आहे की हा सण आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, सोयीप्रमाणे ठरतो. तसं असतं तर मी तो नाताळच्या सुट्टीतच ठरवला नसता का? वर्षाकाठी चार-पाच दिवस सगळ्यांना मोकळे मिळतात, तेवढे टाळून ती येते. तीस डिसेंबर २०२४ ला जवळजवळ साधलं होतं, पण वार सोमवार. सगळे शनिवारी आले आणि रविवारी दुपारी बॅगा भरायला लागले. थोरला म्हणाला, "आई, आजच करू या ना येळवस. एका दिवसानं काय होतंय?"

"अरे, अमावस्या आहे ती, वाढदिवस नव्हे!"

तरी केली. रविवारी रंगीत तालीम केली आणि सोमवारी खरा प्रयोग आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी रिकाम्या कोपीत केला. हे त्या दिवशी चार वाट्या भज्जी जास्त जेवले, जागा भरून काढायची म्हणून.

म्हणून २०२५ ची मी मनावर घेतली. एकोणीस डिसेंबर, शुक्रवार. शुक्रवारी येळवस, मग शनिवार-रविवार, पुढं नाताळ. ह्याहून बरी अमावस्या आकाशाला देता येत नाही. दसऱ्यालाच मी फोन लावले, आणि शंभर पानी वही काढून संकल्प लिहिले. बाकी म्हाताऱ्या नातवंडांकडून काय हवं ते लिहितात, मी स्वतःला काय बंदी ते लिहिलं. भज्जी सूनबाईंना करू द्यायची आणि मध्ये बोलायचं नाही. नातीला लग्नाचं विचारायचं नाही. नको म्हणणाऱ्याच्या ताटात वाढायचं नाही. आणि ह्यांच्यावर ओरडायचं नाही. हा शेवटचा मी पेन्सिलनं लिहिला.

हे म्हणजे आमचे यजमान, वय अठ्ठ्याहत्तर. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारनं पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट केली आणि तेव्हापासून हे घरात कमी अन् अहमदपूरच्या स्टँडवर जास्त असतात. तिथं काही काम नाही. नांदेडची गाडी तिथं थांबते म्हणून उतरायचं, चहा घ्यायचा, लातूरची गाडी आली की चढायचं. "फुकट आहे तर काय जातंय?" चहाचे पैसे जातात, पण ते विचारायचं नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा माझं अर्धं आणि ह्यांचं शून्य. आता आम्ही नवरा-बायको मिळून अर्धा माणूस आहोत.

अठरा तारखेला घर भरलं. थोरला, सूनबाई, नात आली. नातू क्लासमध्ये होता. क्लासनं येळवशीची सुट्टी दिली होती, पण उपाशी सोडायचं कसं, म्हणून सकाळी नऊला मोबाइलवर चाचणी ठेवली होती. लेक आणि जावई नांदेडहून दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होते.

सूनबाईंनी भज्जीला हात घातला. मी ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघरात पाठ करून खुर्चीवर बसले. पाठीमागं काय चाललंय ते वासावरून कळतच होतं.

"मी काही बोलत नाही," मी म्हणाले, "पण तुरीचे दाणे आधी."

"आधीच टाकलेत, आई."

"मी बोललेच नाही. चिंच बेतानं हं."

चिंचेचं माझं जरा वेगळं आहे. आमच्या निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी मी ती मूठभर टाकत होते. मानांकन मिळाल्यापासून डब्याला कुलूप आहे आणि मी ती केशरासारखी मोजून देते. सूनबाईंनी माझ्या हातातल्या सुपारीएवढ्या गोळ्याकडं बघितलं, मग हंड्याकडं, आणि काही बोलल्या नाहीत. मी मात्र न बोलता त्या रात्री दोनदा मीठ सांगितलं. सूनबाईंनी एकदा टाकलं होतं, सांगितल्यावर एकदा टाकलं, आणि त्या फोनवर गेल्या तेव्हा मी एकदा टाकलं.

खरा घोळ भांड्यांचा झाला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आणलेलं पाणी प्यायलेलं शहर आहे हे. तेव्हापासून नळ आला की मी घरातलं दिसेल ते भांडं भरून ठेवते. पातेली, बादल्या, कुकर, एकदा तर ह्यांचा तपकिरीचा डबा. जावई दर वेळी हसतात. "आई, आमच्याकडं गोदावरी आहे हो, एक टँकर पाठवू का?" तर त्या रात्री आंबील ओतायला भांडं शोधलं आणि घरात एकही रिकामं नव्हतं. पाणी ओतून द्यायला माझा हात होईना. शेवटी पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा रिकामा जार सापडला. आंबिलीची खरं तर मातीची बिंदगी असते, वरून फडकं बांधून डोक्यावर न्यायची. थोरला म्हणाला, "आई, जारच बरा. झाकण घट्ट आहे, गाडीत सांडणार नाही."

आंबील म्हणजे ताक आणि ज्वारीचं पीठ. रात्रभर ती आंबते, म्हणून तर आंबील. घट्ट झाकणाखाली ती किती आंबते हे आम्हाला सकाळी औशाच्या रस्त्यावर, तिसऱ्या खड्ड्याला कळलं. आधी आवाज झाला. थोरल्यानं टायर फुटलं म्हणून गाडी बाजूला घेतली. टायर चारही ठीक होते. झाकण पुढच्या काचेला लागून माझ्या मांडीत पडलं होतं आणि नातीच्या बेंगळुरी केसांतून लसणाची फोडणी ओघळत होती. रानभर शिंपडायची आंबील आम्ही गाडीभर शिंपडली. थोरला हल्ली गाडी विकायची म्हणतो, पण बघायला येणारा माणूस दार उघडतो आणि विचारतो, "जेवण झालं का?"

ह्या गाडीत हे नव्हते. हंडा, परात, घोंगडी, नातू आणि त्याची चाचणी एवढं भरल्यावर जागाच उरली नव्हती. "मी एसटीनं येतो मागून," म्हणाले. मी फक्त "बरं" म्हणाले. आयुष्यात केलेल्या चुका कधीतरी लिहून काढल्या तर हे "बरं" वरच्या पाचात येईल.

रानात वाटेकरी मामा कोपीची तयारी करून उभे होते. तयारी म्हणजे चार काठ्या आणि एक जुनं लुगडं.

"मामा, कडबा?"

"आई, समद्यांनी सोयाबीन केल्यावर कडबा कुठून येलालाय? सोयाबीनच्या भुसाची कोप करता येती का?"

बरोबर होतं त्यांचं. ज्वारीच्या मुलखात पाच पेंढ्या कडबा मिळवायला मामांना तीन शिवारं पालथी घालावी लागली आणि त्या विकत आणाव्या लागल्या. कोप उभी केली ती नातवानं. एका हातात मोबाइल, त्यावर जीवशास्त्र, दुसऱ्या हातानं काठी रोवणं. कोप उभी राहिली, पण हैदराबादकडं झुकून.

दहा वाजता एक गाडी बांधाला लागली. चार माणसं उतरली, रामराम केला, घोंगडीवर बसली. मला वाटलं ह्यांचे कोणी. ह्यांना एसटीत रोज नवे मित्र मिळतात. पांडवांना नैवेद्य दाखवला आणि त्यांना वाढलं. पोटभर जेवली, खिरीची तारीफ केली, भज्जीवर तिघंजण पाणी जरा जास्त प्यायले. हात धुताना त्यातला मोठा म्हणाला, "पाटलांचं रान छान आहे."

"कोण पाटील?"

पाटलांचं रान पुढच्या शिवारात होतं. चौघंही जरा ओशाळले, पण निघताना एकजण म्हणाला, "तिथंही जेवावं लागेल आता." येळवशीला असं जेवलेला पाहुणा चुकीचा नसतो. मी त्यांना उंडे बांधून दिले.

तोवर साडेअकरा झाले होते आणि नांदेडची गाडी यायची होती. आता नांदेडहून लातूरला यायचं तर वाटेत लोहा तालुक्यातलं माळेगाव लागतं आणि माळेगावची खंडोबाची यात्रा नेमकी मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते, म्हणजे येळवशीच्या तोंडावर. घोडे, उंट, गाढवं, कुत्री, सगळ्यांचा बाजार भरतो. ही यात्रा दर वर्षी असते आणि जावई दर वर्षी ती विसरतात. त्यांनी सकाळीच घराच्या ग्रुपवर निरोप टाकला होता. टाइप करायचा कंटाळा म्हणून तोंडानं सांगितला. म्हणायचं होतं, 'गाढवांत गाडी अडकलीय, पुढं जाऊन अहमदपूरला चहा घेतो.' मोबाइलनं लिहिलं, 'गाडीत गाढव अडकलंय, अहमदपूरला थांबतो.'

नात हसून हसून बांधावरून खाली बसली. लेकीचा लगेच दुसरा निरोप आला, "तुमचे जावई ड्रायव्हिंग सीटवर आहेत, तेवढंच खरं आहे." एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण ग्रुपमध्ये हेही आहेत हे आम्ही विसरलो.

साडेबाराला लेक-जावई पोहोचले. त्यांना घोडे आवडले होते आणि एकाचा भाव विचारूनही झाला होता. मी डोकी मोजली. थोरला, सूनबाई, नात, लेक, जावई, नातू, मी. धाकट्याला फोन लावला. इथं दुपारचा एक, तिथं रात्रीचे अडीच. तो, त्याची बायको आणि झोपलेलं लेकरू फोनमध्ये दिसायला लागले. फोन कुठं ठेवायचा? कोपीत, पाच पांडवांच्या शेजारी, एका ढेकळाला टेकवून. पूजेच्या ओघात सूनबाईंनी त्यालाही हळदकुंकू लावलं. पुढचा सगळा वेळ धाकट्याला कुंकवाच्या ढगाआडून आम्ही दिसत होतो. "आई, तुझ्याकडं आभाळ आलंय का?"

"सगळे आलेत?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणाले. घसा दाटून आला होता. आणि लगेच, "हे कुठंयत?"

हे नव्हते. फोन लावला तर बंद. हा माणूस सात वाजता घरातून निघाला, औशाच्या गाडीत बसला तर नऊपर्यंत इथं हवा. मामा म्हणाले, "येतील की. फुकट आहे, आरामात येलालेत."

वाट बघायची म्हणून सगळे कोपीत बसून राहिले, आणि रिकाम्या तोंडानं बसलेले लातूरकर अन् नांदेडकर जे करतात तेच झालं. आयुक्तालय निघालं. २००९ साली सरकारनं नांदेडला विभागीय आयुक्तालयाची घोषणा केली आणि लातूर पेटलं. आयुक्तालय आजही संभाजीनगरातच आहे, पण आमच्या घरात ते दर सणाला हलतं.

"आमच्याकडं रेल्वेचा विभाग आहे, विमानतळ आहे, गुरुद्वारा आहे," जावई म्हणाले. "जगातून माणसं येतात."

"आणि तुमची पोरं कुठं येतात? आमच्याकडं, शिकायला," थोरला म्हणाला.

"आम्ही दोन मुख्यमंत्री दिले. शंकरराव, अशोकराव."

"आम्ही पण दोन. निलंगेकर आणि विलासराव."

इथं दर वेळी बरोबरी होते आणि कोणीतरी विषय बदलतं. ह्या वेळी जावयांनी तसं केलं नाही. ते पाण्यावर गेले. "तुम्ही रेल्वेनं पाणी पिणारी माणसं," म्हणाले, आणि हे म्हणताना जोर यावा म्हणून मागं टेकले. मागं कोप होती.

हैदराबादकडं झुकलेली कोप नांदेडकडं पडली. पाचही पेंढ्या आणि मामांच्या आईचं लुगडं जावयांच्या अंगावर आलं. पांडव जागचे हलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. कडब्याखालून धाकट्याचा आवाज आला, "आई, नेटवर्क गेलं का?"

सगळे खो-खो हसत असताना नात माझ्याजवळ येऊन बसली. केसांना अजून लसणाचा वास होता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"मी काही विचारत नाही हं," मी म्हणाले.

"आज्जी, सकाळपासून हे तू नवव्यांदा विचारलं नाहीस."

"पण विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

तिनं सरळ माझ्या ताटात दोन उंडे वाढले. मी नको म्हणत होते तरी. तिला हे कोणी शिकवलं ते मला ठाऊक आहे.

अडीचला सगळे जेवले. ह्यांचं ताट वाढून झाकून ठेवलं. भज्जीचं कोणी काही बोललं नाही, फक्त मामांच्या मंडळीनं विचारलं, "ह्यात चिंच टाकायची राहिली का, बाई?" चारला धाकटा झोपायला गेला, तिकडं पहाट झाली होती. पाचला मामांनी चूल मांडून बोळक्यात दूध ठेवलं. ते ज्या अंगाला उतू जाईल त्या अंगाला पुढं पाऊसपाणी चांगलं, असं आमच्याकडं मानतात. दूध नांदेडच्या अंगाला गेलं. जावई काही बोलले नाहीत, नुसते कडबा झटकत राहिले, पण चेहरा सांगत होता. थोरला म्हणाला, "बोळकंच वाकडं होतं."

अंधार पडायला लागला. नातवानं कडब्याचा हेंडगा पेटवला. तो पिकाभोवती फिरवायचा असतो. त्या उजेडात लांबून बांधावरून कोणीतरी चालत येताना दिसलं. हातात पिशवी, डोक्याला मफलर, चाल एकदम रमतगमत.

पेन्सिलनं लिहिलेला संकल्प मी तिथंच पुसला.

"होतात कुठं तुम्ही?"

"अगं, जावयांच्या गाडीत गाढव अडकलंय म्हणून वाचलं. म्हटलं, एकटे काय करतील बिचारे. गेलो अहमदपूरला."

"तुम्ही गाढव काढायला अहमदपूरला गेलात?"

"तिथं नव्हते हे. मग परत निघालो, तर चाकूरच्या अलीकडं गाडीच बंद पडली. उतरलो तशी बांधावरून हाका. सोडेनातच. पहिल्यांदा एका रानात जेवलो. मग दुसऱ्या बांधावरच्यांना राग आला म्हणून तिथं." ढेकर दिला. "ड्रायव्हर-कंडक्टरसुद्धा होते की. काय माणसं आहेत गं आपल्याकडची!"

मी झाकलेलं ताट त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी एक घास खाल्ला, थांबले, पाणी प्यायले. मग पिशवीतून एक डबा काढला आणि सूनबाईंपुढं धरला. "त्यांनी बांधून दिलीय. चाखून बघ बेटा. चिंच काय बरोबर पडलीय हिच्यात." सूनबाईंनी चाखली. मग माझ्याकडं बघितलं. पंचवीस वर्षांत एवढ्या आदरानं त्या माझ्यावर कधी हसल्या नव्हत्या.

एका कोपीत एका वेळी सगळी माणसं ह्या ध्येयात एक म्हातारा कमी पडला, आणि कोप कमी पडली ती वेगळीच. म्हटलं ठीक आहे, पुढच्या वर्षी. आणि तेवढ्यात हे कॅलेंडर आलं.

थोरल्याला फोन करून सांगितलं तर तो गप्पच झाला. "आता मॅनेजरला काय सांगू?"

"सांग, यंदा नाही."

"आई, तो मला नोकरीवरून काढेल."

जावई मात्र खूश आहेत. त्यांनी पंचांग माझ्याआधी बघितलंय. अधिक महिना म्हणजे जावयाला वाण. तेहतीस अनारसे, चांदीचं काहीतरी, कपडे, सगळं लातूरच्या खर्चानं नांदेडला जायचं. माझी येळवस नेणाऱ्या महिन्यालाच माझ्याकडून अनारसे, ह्याला काय म्हणावं ते मी वहीत लिहून ठेवलंय, इथं लिहिण्यासारखं नाही. अनारशाचे तांदूळ भिजवायचे आहेत आणि घरात भांडं रिकामं नाही.

तर आमच्या सगळ्यांना ह्या लेखातूनच कळवते, कारण ग्रुपवर लिहिलं की मोबाइल काहीतरी भलतंच करतो. पुढची येळवस सात जानेवारी २०२७ ला आहे. वार गुरुवार. रजेचे अर्ज आत्ताच टाका. चिंच मूठभर पडेल. आणि ह्यांचं आधार कार्ड सहा तारखेच्या रात्रीपासून माझ्या कपाटात, चिंचेच्या डब्यात, कुलपाखाली राहील.